ट्यूबच्या खांद्यातली पेस्ट

नाक दाबलं की तोंड उघडतं, पण टूथपेस्टच्या ट्यूबचं पोट दाबलं तर निम्मी पेस्ट तोंडाकडे येते आणि निम्मी शेपटीकडे पळते. तरी दर घरात एक पोट दाबणारा असतोच, आणि त्याचं लग्न हटकून शेपटीकडून गुंडाळत येणारीशी झालेलं असतं.

मला विचाराल तर दोघंही निर्दोष. दोष ट्यूबचा. जुनी ॲल्युमिनियमची ट्यूब शब्दाला पक्की होती. गुंडाळली की गुंडाळलेलीच राहायची. फार घड्या पडल्या की चिरायची आणि पेस्ट मागच्या दाराने बाहेर यायची, एवढाच काय तो दुर्गुण. मलमाच्या कितीतरी ट्यूब अजून तशाच असतात. हल्लीची टूथपेस्टची ट्यूब म्हणजे प्लास्टिकचे थर, अनेकदा मधे ॲल्युमिनियमचा पातळ पदर. ती चिरत नाही, पण बोट काढताच छाती फुगवते आणि हवा आत ओढते. पुढच्या वेळी आधी फुस्स, मग आरशावर शिंतोडा.

मूळ ट्यूब एका चित्रकाराची. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन माणसाने १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेही कथलाच्या ट्यूबचं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत; टोचून भोक पाडायचं, दाबायचं, आणि मग ते भोक बुजवत बसायचं. कोलगेटची पेस्ट ट्यूबमध्ये आली १८९६ मध्ये.

पेस्टही काही कमी हट्टी नाही. पुरेसा जोर लागेपर्यंत ती ढिम्म हलत नाही. म्हणून तर ब्रशवर डौलात उभी राहते, आणि म्हणूनच नुसती ट्यूब उलटी ठेवून फार काही साधत नाही. झाकण घट्ट लावा, शेपूट धरा आणि थर्मामीटरचा पारा उतरवतात तसे चार झटके द्या. मग बेसिनच्या कडेवरून ट्यूब शेपटीकडून तोंडाकडे दाबत ओढा. ब्रशचा दांडाही चालतो. लाटणंही चालेल, पण ते मागायला धाडस लागतं. गुंडाळी उलगडू नये म्हणून कपड्यांचा चिमटा लावा.

एवढं करून खांद्यात, म्हणजे झाकणाखालच्या कडक भागात, पेस्ट उरतेच. तिथे पिळणं व्यर्थ. खांद्याखाली दोन बोटं सोडून कात्रीने कापा. शेपटीकडचा तुकडा टोपीसारखा वर चढवला की आतली पेस्ट लवकर सुकत नाही. ब्रश मात्र थेट आत बुडवू नका, चमच्याच्या दांड्याने काढा. घरातल्या सगळ्या ब्रशांची एकमेकांशी इतकी घसट बरी नव्हे.