पुन्हा तीच काळी स्क्रीन

गेम खेळताना लाइव्ह दाखवायचा म्हणून परवा रात्री दीड तास घालवून स्क्रीन टिपणाऱ्या रेकॉर्डर सॉफ्टवेअरमध्ये सगळं लावलं. १०८०पी, ६० फ्रेम, बिटरेट ६०००, कीफ्रेम २ सेकंद, अशा व्हिडिओच्या सगळ्या सेटिंग्ज. आज अपडेट आलं आणि गेमच्या जागी काळंकुट्ट! का, तर लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपा दोन. गेम एकीवर, रेकॉर्डर दुसरीवर. भांडलेल्या जावा जशा, एकमेकींकडे बघायलाच तयार नाहीत. ते निस्तरलं तर माइक म्यूट. ४० मिनिटं मी एकटाच घसा फोडतोय आणि चॅटमध्ये एकच मेसेज: ‘दादा, आवाज येत नाहीये.’ तोही मावसभावाचा! शेवटी लॅपटॉप तापून बंद पडला आणि एमपी४ फाइल उघडेचना. एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत रेकॉर्ड करायचं असतं, म्हणजे मध्येच बंद पडलं तरी फाइल उघडते, माहितीये हो मला. तेवढंच बदलायचं राहिलं होतं.