रंग आला असं लिहा

द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे रासायनिक क्रियेत वस्तुमान वाढतही नाही आणि घटतही नाही, लॅव्हाझिएने अठराव्या शतकात मांडला. आमच्या दुसऱ्या वर्षाची बॅच दर सोमवारी दुपारी तो मोडीत काढते. ॲस्पिरिन करायला दोन ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड हा कच्चा माल घेतला तर गणिताने फार तर २.६ ग्रॅम ॲस्पिरिन मिळावं. आमच्याकडे ३.४ ग्रॅम मिळतं. म्हणजे १३० टक्के! ॲस्पिरिन बनवणाऱ्या बायर कंपनीला १८९७ पासून जे जमलं नाही, ते तालुक्याच्या कॉलेजात दोन तासांत होतं.

"बाळा, हे ओलं आहे. पाण्याचं वजन केलंस तू."

बाळ आधी पावडरीकडे बघतो, मग माझ्याकडे. "मग किती लिहू, मॅडम?"

"वाळव आणि पुन्हा वजन कर."

"ऐंशी टक्के चालेल?"

तेवढ्यात शेजारची सांगते की तिने पंच्याऐंशी लिहिलेत. आता ऐंशी म्हणजे कमीपणा. पंच्याऐंशीवर सौदा मिटतो आणि पावडर बेसिनमध्ये जाते. ती जाण्याआधी मी चिमूटभर घेऊन फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकते. जांभळा रंग येतो, म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड अजून आहे तिथेच आहे. मुलं मात्र खूश. एवढ्या तासात पहिल्यांदाच काहीतरी रंग आलेला असतो, आणि रंग येणं वाईट असतं हे त्यांच्या गावीही नसतं.

ऑरगॅनिक केमिस्ट्री फळ्यावर फार सरळ वागते. बाण काढला की इलेक्ट्रॉन मुकाट्याने जातात. प्रयोगशाळेत त्यांना पाणी, गॅस, बर्फ आणि मामा या चौघांची परवानगी लागते. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. माझ्याआधीपासून इथे आहेत आणि माझ्यानंतरही राहतील असा त्यांचा चेहरा आहे.

बर्फाचं बघा. ॲनिलिनपासून डाय, म्हणजे कापडाचा रंग, करायचा तर तापमान ० ते ५ अंशांत ठेवावं लागतं. त्यावर गेलं की ॲनिलिनपासून मध्येच तयार होणाऱ्या डायझोनियम सॉल्टचं फिनॉल होतं, नायट्रोजन फुसफुसत निघून जातो आणि नारिंगी-लाल रंगाऐवजी हातात तपकिरी चिखल उरतो. सिलॅबस कोणी केला माहीत नाही, पण हा प्रयोग आमच्याकडे नेमका एप्रिलात येतो. मामा स्टँडसमोरच्या रसवंतीतून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणतात. प्रयोगशाळेत काही खायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलेलं असतं. बर्फ हा खाण्याचा पदार्थ नाही, पाणी आहे, असा युक्तिवाद होतो. जो बर्फ उरतो त्यात बीकर ठेवला जातो, थर्मामीटर १४ अंश दाखवतो आणि जर्नलमध्ये ३ अंश लिहिलं जातं. डाय मात्र कसाबसा होतोच. तो ॲप्रनला, बोटांना आणि माझ्या हजेरीपटाला लागतो. ज्या सुती कापडाच्या तुकड्याला लागायचा, तो पांढराच राहतो.

पण खरी कसोटी सोडियम फ्यूजनची, म्हणजे कंपाउंडमध्ये नायट्रोजन वगैरे आहे का ते सोडियमबरोबर तापवून बघण्याची. ही टेस्ट १८४३ साली लॅसेन नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी शोधली. ते पॅरिसजवळ जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या संयमाचं रहस्य मला त्यातच सापडतं. रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम बाहेर काढायचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा कापायचा, फिल्टर पेपरने टिपायचा, छोट्या नळीत कंपाउंडबरोबर लालबुंद होईपर्यंत तापवायचा आणि नळी तशीच चायना डिशमधल्या पाण्यात बुडवायची. फट्! नळी फुटते. ती फुटायलाच हवी, हे मी तीनदा सांगितलेलं असतं, तरी निम्म्या मुली किंचाळतात आणि निम्मी मुलं 'ब्रेकेजमध्ये धरू नका मॅडम' म्हणतात. मामा या वेळी दाराबाहेर उभे असतात. गाळून आलेलं पाणी नितळ हवं. आमचं येतं ते टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. त्यात फेरस सल्फेट घालून उकळायचं, ॲसिड घालायचं. नायट्रोजन असेल तर गडद निळा, प्रशियन ब्लू.

"मॅडम, हा निळाच ना?"

"हिरवा आहे."

"हिरव्यात निळा असतोच की."

यावर माझ्याकडे उत्तर नसतं, कारण रंगांच्या दृष्टीने तो बरोबर आहे.

आता ही मुलं आळशी आहेत असं कोणी समजू नये. जर्नल पूर्ण करण्यासाठी ती रात्र रात्र जागतात. फक्त प्रयोगाच्या आदल्या रात्री. टेस्ट, निरीक्षण, अनुमान असे तीन रकाने असतात आणि तिन्ही सिनिअरच्या जर्नलवरून उतरतात. त्या सिनिअरने त्याच्या सिनिअरचं उतरवलेलं असतं. एका जर्नलात मला निरीक्षणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात वाक्य सापडलं: 'मॅडम म्हणाल्या, रंग आला असं लिहा.' मी असं कधीच म्हटलेलं नाही. शोध घेतला तर ते वाक्य माझ्या आधीच्या मॅडमच्या काळातलं निघालं. त्या निवृत्त होऊन नातवंडांत रमल्या आहेत, वाक्य अजून नोकरीत आहे.

यावर उपाय म्हणून सराव परीक्षेला मी सापळा लावला. तिथे दिलेलं अनोळखी कंपाउंड कोणतं ते टेस्ट करून ओळखायचं असतं. मामा तत्त्वाचे आहेत, ते कंपाउंडचं नाव कधीच फोडत नाहीत. फक्त मेल्टिंग पॉइंट सांगतात. मी सिनॅमिक ॲसिड ठेवलं. त्याचा मेल्टिंग पॉइंट १३३. युरियाचाही १३३. मेल्टिंग पॉइंट मोजायच्या थील ट्यूबमध्ये दोन्ही त्याच आकड्याला वितळतात, आणि दोन्ही एकत्र केले की मिश्रण त्याच्या कितीतरी खालीच वितळायला लागतं, त्यावरून ते वेगळे आहेत हे कळतं. हे मी वर्गात शिकवलं होतं, म्हणजे ते कोणाला माहीत असण्याचा प्रश्न नव्हता.

दहा मिनिटांत अख्ख्या बॅचला १३३ कळलं. पाठ केलेल्या तक्त्यात १३३ समोर युरिया. मग उलटा प्रवास सुरू झाला. युरियात नायट्रोजन असतो, म्हणून प्रशियन ब्लू 'गडद आला'. सिनॅमिक ॲसिडमध्ये नायट्रोजनचा एक अणू नाही, तरी आला! बायकार्बोनेटमध्ये बुडबुडे येतात ते ॲसिडचे, आणि युरिया ॲसिड नाही, म्हणून 'बुडबुडे नाहीत'. हे लिहिताना समोर नळीत बुडबुडे वर येत होते. एकीने तर नळी थोडी बाजूला सरकवून लिहिलं.

एकटाच मागच्या टेबलवरचा मुलगा डोकं खाजवत बसला होता. एसटी चुकल्यामुळे तो उशिरा आला होता, त्यामुळे मामांचा आकडा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. शेजाऱ्याने दयेपोटी कानात 'युरिया' सांगितलं, तर हा सरळ माझ्याकडे आला.

"मॅडम, हे युरिया न्हाय."

"कशावरून?"

"युरिया पाण्यात टाकला की इरघळतो, बादली गार पडती. आमी पंपात घालून फवारतो की. हे बघा, वरच तरंगतंय."

त्याने माझ्या हातात बीकर दिला. कोमट होता, एप्रिलातल्या नळाच्या पाण्याइतका. सिनॅमिक ॲसिडपर्यंत तो काही पोचला नाही, पण अनुमानाच्या रकान्यात त्याने लिहिलं: 'युरिया नाही. शेतात टाकून उपयोग नाही.' मी त्याला बॅचमध्ये सर्वात जास्त मार्क दिले आणि तो रकाना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. निरीक्षण असं असतं, म्हटलं.

पुढच्या सोमवारी मी खरा युरिया ठेवला. मामांना सांगून ठेवलं की आकडासुद्धा फोडायचा नाही. प्रत्येकाने आधी कंपाउंड पाण्यात टाकलं, मला बरं वाटलं. ते झटकन विरघळलं, बीकर गार पडले, दोघीतिघींनी तर गालाला लावून बघितले. मग जर्नलं तपासायला आली. झाडून सगळ्यांत एकच ओळ: 'पाण्यावर तरंगते. शेतात टाकून उपयोग नाही.'

मागच्या टेबलवरच्या मुलाचं जर्नल तेवढं आलं नव्हतं. तो गैरहजर होता. मामांनी सांगितलं, त्याच्या गावच्या सोसायटीत युरियाची गाडी आलीय, पहाटेपासून रांगेत उभा आहे.