ऑफिस सुटल्यावरची कामं
लेखात म्हटलंय की ऑफिस सुटल्यावर बाहेरची कामं बिनधास्त घ्या, पण कुणाचं काम घेताय ते आधी बघा की. आमच्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली पोरं रात्री घरी बसून कास्टिंगची, म्हणजे धातू ओतून बनवायच्या भागांची, ड्रॉइंग करून देतात, पगारात भागत नाही म्हणूनच करतात, त्यांना नावं ठेवायचा कुणाला हक्क नाही. पण तेच काम जवळच्याच गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, तेपण कंपनीच्या लॅपटॉपवर केलं तर भांडण लागणारच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालक कंपनीच, वेगळा करार नसेल तर. म्हणून अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा आणि एचआरला मेल टाकून परवानगी लेखीच घ्या, साहेबांचं तोंडी "कर रे" नंतर कुणाच्या ध्यानात राहत नाही.