रनिंग बॅकला दिलेला पास वाया जातो? मुळीच नाही

‘रनिंग बॅककडे फेकलेला पास म्हणजे वाया घालवलेला पास’ हे मत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगच्या, दर हंगामात फिरत असतं. रनिंग बॅक म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन पळणारा गडी. कारणंही ठरलेली: असा पास नाइलाजानेच दिला जातो, त्यातून यार्ड (चेंडू पुढे सरकलेलं अंतर) कमी मिळतात, तो हरणाऱ्या संघांचा खेळ आहे आणि त्यात खेळाडू लवकर मोडतो. मला यातलं एकही कारण जसंच्या तसं पटत नाही.

आधी नाइलाजाचं. लांबचा कुणी मोकळा दिसला नाही की क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) जवळच्या रनिंग बॅककडे चेंडू देतो, हे खरं. पण रनिंग बॅक ख्रिश्चन मॅककॅफ्री खेळ सुरू व्हायच्या आधीच क्वार्टरबॅकच्या शेजारून निघून कडेला जाऊन उभा राहतो, तेव्हा त्यात नाइलाज कुठे असतो? लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) त्याच्या मागोमाग कडेपर्यंत गेला, तर समोरचे बहुधा माणसाला माणूस लावून खेळताहेत. लाइनबॅकर मधेच थांबला आणि कडेला कॉर्नरबॅकच (कडेचा बचावपटू) राहिला, तर बहुधा झोन, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखायची. चेंडू हलायच्या आत क्वार्टरबॅकला एवढं कळलेलं असतं. मागे उभा असला तरी मॅककॅफ्री त्रास देतोच. बाहेरच्या दिशेने तीन-चार पावलं पळतो आणि लाइनबॅकरने त्या बाजूला भार टाकला की झटकन आत वळतो. लाइनबॅकर काढून चपळ सेफ्टी (मागच्या फळीतला बचावपटू) आणावा, तर मधली फळी हलकी होते आणि हाच गडी मधून पळत सुटतो. बचावाला दोन्हीकडून कोंडीत धरणारा असा खेळाडू मला तरी निव्वळ रिसीव्हरपेक्षा, म्हणजे फक्त पास झेलणाऱ्यापेक्षा, मोलाचा वाटतो.

यार्डांचा हिशेब लोक भलत्याशीच लावतात. लांब पळणाऱ्या रिसीव्हरशी तुलना केली तर आकडा लहानच दिसणार. मॅककॅफ्रीने २०१९ मध्ये कॅरोलायना संघाकडून ११६ झेल घेऊन १,००५ यार्ड मिळवले. त्याच्याकडे फेकलेले, पण न झेललेले पास धरले तरी दर पासमागे सात यार्ड पडतात. त्याच वर्षी चेंडू घेऊन पळताना त्याची सरासरी ४.८ यार्ड होती. तुलना करायची ती याच्याशी.

हरणाऱ्या संघांच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाकारत नाही. २०१९ चा कॅरोलायना संघ १६ पैकी ५ सामनेच जिंकला. पण एका हंगामात पळून हजार आणि झेलून हजार यार्ड मॅककॅफ्रीच्या आधी दोघांनीच केले होते: १९८५ मध्ये रॉजर क्रेग आणि १९९९ मध्ये मार्शल फॉक. फॉकचा सेंट लुईस संघ त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकला. आणि फेब्रुवारी २०१७ ची ह्यूस्टनमधली अंतिम लढत तर विसरूच नये. न्यू इंग्लंड ३-२८ असा मागे होता. तिथून सामना फिरवताना त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पुन्हा पुन्हा रनिंग बॅक जेम्स व्हाइटकडेच वळला. व्हाइटने १४ झेल घेतले, ११० यार्ड मिळवले. सुपर बोलमध्ये तोवर कुणीच इतके झेल घेतले नव्हते. जादा वेळेतला विजयी टचडाउनही (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) त्याचाच, तो मात्र पळून. ३४-२८.

राहिला दुखापतींचा मुद्दा. मॅककॅफ्री २०२० मध्ये तीनच सामने खेळू शकला, हे दाखवलं जातं. पण आदल्या हंगामात ११६ झेलांबरोबर त्याला २८७ वेळा चेंडू घेऊन पळायलाही लावलं होतं. भार कमी करायचाच असेल, तर धिप्पाड लाइनमनच्या गर्दीत घुसणं आधी कमी करावं. झेलांना हात लावू नये.