चाळीतली गरिबी आणि वस्तीतली गरिबी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, आणि घाईत दोन ओळी लिहून मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मुंबईतल्या गोवंडीच्या वस्तीतल्या मुलांबद्दल लिहिताना मी त्यांच्या आईबापांना फार सहज सोडून दिलं. ह्या वस्त्या म्हणजे अतिक्रमण, ह्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही, घरात स्मार्टफोन असतो पण वहीला पैसे नसतात, दोन-दोन महिने पोरांना गावी नेऊन ठेवतात, आणि आमच्यासारखी रविवारी शिकवायला जाणारी माणसं नुसते लाड करून येतात. आणि मुख्य मुद्दा हा की तुम्ही स्वतः परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांत वाढलात, वडील गिरणीत होते, जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करून इंजिनिअर झालात, मग ह्यांनाच काय अडचण?

तुमच्या वडिलांच्या आणि तुमच्या कष्टांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण तुलना काढलीच आहे तर ती नीट पूर्ण करूया.

खोलीच्या मापात काही फारसा फरक नाही. गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतले प्लॉट दहा बाय पंधरा फुटांचे, आणि ते लोकांनी बळकावलेले नाहीत, सत्तरच्या दशकात महापालिकेनेच शहरातून हलवलेल्या माणसांसाठी आखून दिलेत. तिकडे चीता कॅम्पात तर १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी नावाची अख्खी वस्ती उचलून आणून टाकली, हजारो घरं. ह्यांच्या शेजारी देवनारचं कचऱ्याचं डंपिंग १९२७ पासून आहे. म्हणजे 'अतिक्रमण' हा जो शब्द तुम्ही वापरलात तो निदान ह्या भागाबद्दल बोलताना जपून वापरायला हवा, कारण इथल्या कितीतरी लोकांना सरकारनेच इथे आणून सोडलंय.

आता चाळ. तुमच्या वडिलांची नोकरी गिरणीत, कायम असेल तर पगार ठरलेला, फंड, कामगार विमा, दिवाळीचा बोनस, पाठीशी युनियन. खोली पागडीची, १९४७ च्या भाडे कायद्यामुळे भाडं गोठलेलं आणि मालकाला तुम्हाला सहज बाहेर काढता येत नव्हतं. पालिकेची मराठी शाळा चालत पाच मिनिटांवर, हायस्कूलही त्याच भागात, आणि शेजारची माणसं तीस-तीस वर्षं तीच. पहिली ते दहावी तुमचा पत्ता बदलला नाही हो! तुम्ही जिन्यात बसून अभ्यास केलात हे खरंच, पण तो जिना दुसऱ्या दिवशीही तुमचाच असणार होता.

आमच्या रविवारच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं भाड्याच्या खोलीत राहतात, बऱ्याचदा माळ्यावर, खाली मालक नाहीतर दुसरा भाडेकरू. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, तेही असलं तर. अकरा महिने संपले की मालक भाडं वाढवतो किंवा जास्त डिपॉझिट देणारा दुसरा कोणी मिळतो, आणि हे कुटुंब बैंगनवाडीतून रफीकनगरला, तिथून मानखुर्दला, कधी थेट मुंब्र्याला. सन २००० च्या आधीच्या झोपडीला जे काय संरक्षण आहे ते व्यवहारात झोपडीच्या मालकाला मिळतं, माळ्यावरच्या भाडेकरूला त्यातलं काही नाही. मूल आमच्याकडे येता येता अचानक बंद होतं, आम्ही चौकशी करतो तर बाकीची पोरं सांगतात, 'टीचर, उसने रूम खाली कर दिया.' इतकं साधं उत्तर असतं, आणि शाळेच्या हजेरीत त्याच मुलापुढे 'सतत गैरहजर' लिहिलेलं असतं.

आणि चाळीतसुद्धा जेव्हा हा आधार गेला तेव्हा काय झालं ते तुमच्या वयाच्या माणसाला मी सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत लालबाग-परळमधली किती मुलं दहावीच्या आत शाळा सोडून भाजी विकायला, वडापावच्या गाडीवर, कुठे हमालीला लागली. तेव्हा गिरणगावातल्या आयांना शिक्षणाची किंमत कळेनाशी झाली होती का? त्याच बायका, त्याच खोल्या, तेच संस्कार. फक्त महिन्याच्या महिन्याला येणारा पगार बंद झाला होता. मला तरी ह्यापेक्षा स्पष्ट पुरावा माहीत नाही.

आता 'किंमत नाही' ह्याबद्दल. एका आईने मला तिची फाईल दाखवली होती. ती स्वतः शाळेत गेलेली नाही, कचरा वेचून भंगारवाल्याला देते. प्लास्टिकची निळी फाईल, जुन्या ओढणीत गुंडाळून पत्र्याच्या खाली, वाशाला बांधलेली, का तर पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी येतं आणि तेव्हा सगळ्यात आधी ही फाईल वाचवायची असते. आत रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, मुलीचा जन्मदाखला लॅमिनेट केलेला, आणि मागे पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, एकही न हरवता. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नाही पण कुठलं प्रगतिपुस्तक कुठल्या इयत्तेचं ते पुठ्ठ्याच्या रंगावरून अचूक सांगते. तिने मला बोलावलं होतं ते एवढ्यासाठी की दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते बघून सांग, कारण शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यावरून परत आला होता. (आडनावात एक अक्षर वेगळं होतं. ते दुरुस्त करायला बाईंचे किती दिवसांचे खाडे झाले ते ऐकून मला फार वाईट वाटलं.)

शिवाय गल्लीगल्लीत 'क्लास' आहेत. बारावी झालेली एखादी मुलगी माळ्यावर पंधरा-वीस पोरं बसवते आणि आईबाप महिन्याला पैसे मोजतात, पालिकेच्या फुकट शाळेत घालून वर क्लासची फी भरतात. वही, दप्तर, गणवेश, बूट हे पालिकेकडून मिळतं, त्यामुळे वहीला पैसे नाहीत ही तक्रार तशीही फारशी ऐकू येत नाही, वस्तू उशिरा आल्या ही तक्रार येते.

गावी जाण्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, मुलं जून संपला तरी परत येत नाहीत आणि त्याने नुकसान होतं, खूप होतं. पण उत्तर प्रदेश-बिहारकडे लग्नं मे-जूनमध्ये, तिथल्या शाळांना जूनमध्येही सुट्टी असते आणि आपली शाळा पंधरा जूनला सुरू. त्यात परतीचं रिझर्वेशन मिळत नाही. जालना-बीडकडची जी कुटुंबं आहेत, १९७२ च्या दुष्काळात आलेल्यांची मुलं-नातवंडं, ती कितीतरी लवकर परत येतात कारण रात्रीची एसटी पकडली की सकाळी मानखुर्दला. दोन्हीकडे आईबाप तितकेच गरीब.

मोबाईल. नाक्यावर उभं राहून काम मिळण्याचे दिवस कमी झाले, आता मुकादम फोन करतो, फोन लागला नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा मुंबईत पहिली ते सातवीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये उघडल्या, आणि तेवढे सगळे महिने तो एकच फोन बापाबरोबर कामावर जात होता आणि रात्री नऊला घरी आल्यावर तीन भावंडं त्यावर आळीपाळीने गृहपाठ बघायची. ज्या फोनला तुम्ही चैन म्हणताय तीच त्यांची शाळा होती.

पण ज्या गोष्टीचा मला खरंच राग येतो ती तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, म्हणून इथे लिहितेय. मुली. आमच्या भागातल्या बऱ्याच पालिका शाळा सातवीला संपतात, काही आठवीला. शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे आणि तो आठवीपर्यंतचा आहे, पण इमारत सातवीलाच संपते. पुढची शाळा म्हणजे घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड ओलांडून, जिथून दिवसभर कचऱ्याचे डंपर जातात, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर टवाळखोर पोरं. बाप म्हणतो, कोण सोडायला जाणार? आई कामाला, लहान भाऊ कमरेवर, पाण्याचे गॅलन भरायचे, आणि घरात जरीचं काम आलेलं असतं ते मुलीच्या हातचं छान होतं. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर शाळेच्या वेळेबाहेर धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात मुलांनी मदत करणं कायद्याला चालतं, मग शाळेची वेळ कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो हे माळ्यावर चढून कोण बघणार. वर्गात सगळ्यात पुढे बसणारी, मला पाढे चुकले तर टोकणारी मुलगी ऑगस्टपर्यंत जरीकामाच्या आरीवर बसलेली दिसते. ह्यात आईबापांचा दोष शून्य आहे असं मी म्हणत नाही, मुलाला रिक्षा लावून पाठवणारा बाप मुलीला घरी बसवतो हे मी बघितलंय आणि त्याच्याशी तोंडावर भांडलेयही. पण आठवीचा वर्ग त्याच इमारतीत असला की ह्याच बापाला नाही म्हणायला कारण उरत नाही, हेही तिथेच बघितलंय. एका शाळेत वर्ग वाढले आणि त्या गल्लीतल्या मुली सरळ पुढे गेल्या, बापांचं प्रबोधन वगैरे काही न करता.

स्वयंसेवकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मला पटलं. वाढदिवसाचा केक घेऊन येणारी, तासभर नाच-गाणी करून जाणारी माणसं मुलांना पाठ झालीत. नवीन कोणी आलं की सांगायच्या आत उंचीप्रमाणे रांगेत उभी राहतात आणि विचारतात, 'फोटो अभी लोगे या बाद में?' खरं काय ते सांगायला त्यांना वेळ लागतो. पहिल्या महिन्यात प्रत्येकाला 'डॉक्टर' व्हायचं असतं, कारण त्या उत्तराला टाळ्या पडतात हे त्यांना माहीत असतं. पाऊस पडून गेल्यावरही तुम्ही येताय असं दिसलं की मग कोणाच्या घरात मारहाण होते, कोण रात्री कारखान्यात झोपतो, हे हळूहळू बाहेर येतं. म्हणून कोणी सहा आठवड्यांसाठी यायचं म्हटलं की मी सरळ नको म्हणते, कंपनीचं सर्टिफिकेट हवं असेल तरी.

शेवटी तुम्ही विचारलंत, मग तुमच्या रविवारच्या वर्गाचा उपयोग काय. वाचायला शिकवतो, पण त्याहून जास्त काम जूनमध्ये असतं. खोली बदललेल्या मुलांचा माग काढायचा, आईबरोबर नवीन शाळेत जायचं, आणि तिथे दाखला नाही म्हणून परत पाठवायला लागले तर शिक्षण हक्काच्या कायद्यात दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही हे हेडबाईंना शांतपणे दाखवायचं. त्या दिवसांत आम्हाला दोन-तीन माणसं नेहमी कमी पडतात, आणि शाळेच्या ऑफिसात तुमच्या वयाच्या माणसाचं लवकर ऐकतात. तुम्ही रिटायर झालाय असं लिहिलंत, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेदहाला गोवंडी स्टेशनवर भेटूया. मुलं बरोबर असतीलच, आईबापांना जे विचारायचंय ते त्यांनाच विचारा.