वक्ता-प्रशिक्षण वर्गाविषयी आलेल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास संचालिकेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय येऊन आठवडा झाला. उत्तरास उशीर झाला याबद्दल प्रथम दिलगिरी व्यक्त करते. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. कारखान्यात ३१ वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून काम केल्यावर, त्या अनुभवावर मानधन घेऊन बोलता यावे म्हणून आपण २४,००० रुपये भरून आमचा बारा सत्रांचा वर्ग पूर्ण केला. नंतरच्या सहा महिन्यांत एकच व्याख्यान मिळाले आणि तेथे शाल-श्रीफळावर बोळवण झाली. आम्ही आपला विषय वाढवण्याऐवजी छाटला आणि “कुलूप आणि लाल चिठ्ठी”, म्हणजे यंत्र दुरुस्त करताना ते कोणी चालू करू नये यासाठीची पद्धत, एवढ्यावरच बोलण्यास सांगितले. कंपन्यांच्या संपर्कांची यादी मागूनही दिली नाही. आणि शेवटचे सरावसत्र आयत्या वेळी रद्द केले. आपण जेवढे लिहिले आहे आणि वर्गात सर्वांसमोर जे झाले तेवढ्यालाच धरून मी बोलेन. आपल्याविषयीचा अन्य कोणताही तपशील येथे येणार नाही.

चूक आमची आहे ते आधी सांगते. शेवटचे सत्र प्रशिक्षकांच्या आजारपणामुळे रद्द झाले हे खरे असले, तरी त्याची दुसरी तारीख आम्ही महिनाभरात द्यायला हवी होती आणि ती दिली नाही. एका सत्राचे २,००० रुपये आपल्याला परत मिळतील. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. आमच्या पत्रकावर “सहा महिन्यांत मानधन घेणारे वक्ते व्हा” असे वाक्य होते. आमंत्रण देणे दुसऱ्याच्या हाती असते, त्यामुळे त्याची मुदत छापण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. ते वाक्य काढून टाकले आहे. आपण ते वाचून प्रवेश घेतला असल्याने आपला राग रास्त आहे, हे मी आडपडदा न ठेवता मान्य करते.

आता शाल-श्रीफळाविषयी. आपल्याकडे व्याख्यान ऐकण्याची परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे; न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली, आणि तिच्या धर्तीवर गावोगावी व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. मात्र या परंपरेत बहुतेक ठिकाणी श्रोता तिकीट काढत नाही. मंडळ वर्गणी आणि देणग्यांवर चालते, आणि त्यातून वक्त्याला प्रवासखर्च व जमेल तेवढे पाकीट दिले जाते. कीर्तनकाराची बिदागी समाजाने कधी गैर मानली नाही, पण विषयतज्ज्ञाने आकडा सांगितला की अजूनही काहींच्या भुवया उंचावतात. आपल्याला बोलावणारे ज्येष्ठ नागरिकांचे मंडळ होते, असे आपणच लिहिले आहे. त्यांनी आपला अपमान केला असे मला वाटत नाही. त्यांच्याजवळ जे होते ते त्यांनी आदराने दिले. तेथे मानधनाची अपेक्षा ठेवणे ही दिशेची चूक होती, आणि ती दिशा आम्ही पहिल्याच सत्रात ठळकपणे दाखवायला हवी होती.

औद्योगिक सुरक्षेवरील भाषणाला पैसे कोण देतो, याचे उत्तर आपल्या क्षेत्राच्या दिनदर्शिकेतच आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि त्यापुढचा आठवडा सुरक्षा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात आग विझवताना अग्निशमन दलाच्या जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. डिसेंबरच्या आरंभी भोपाळच्या दुर्घटनेच्या निमित्ताने रासायनिक कारखान्यांत कार्यक्रम होतात. या दिवसांत कारखान्यांना बाहेरचा जाणकार वक्ता हवा असतो आणि त्यासाठी खर्चाची तरतूद असते. आपण कंपन्यांना फोन केले ते फेब्रुवारीच्या अखेरीस, असे अभिप्रायात लिहिले आहे. तोपर्यंत पत्रिका छापून झालेल्या असतात. मार्चच्या सप्ताहासाठी बोलणे डिसेंबरमध्ये सुरू करावे लागते, जानेवारीच्या मध्यापर्यंत विषयाचे टिपण आणि दर त्यांच्या हाती असावा लागतो, आणि तरीही पहिल्या वर्षी दहापैकी नऊ ठिकाणांहून “पुढच्या वर्षी बघू” हेच उत्तर येते; निदान माझा स्वतःचा पहिल्या वर्षाचा अनुभव तसाच होता.

विषय छाटल्याच्या तक्रारीवर मात्र मी आमच्या प्रशिक्षकांच्या बाजूने उभी आहे, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आपण वर्गात आणलेल्या पहिल्या भाषणाचे शीर्षक “सुरक्षा, आरोग्य आणि यशस्वी जीवन” होते. त्यात हेल्मेटपासून ध्यानधारणेपर्यंत सर्व काही होते, दीड तासासाठी ८४ सरकचित्रे (स्लाइड) होती, आणि त्यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते. अडचण अशी की तेच भाषण कोणीही देऊ शकले असते. त्यानंतरच्या एका सत्रात आपण खिशातून लाल चिठ्ठी बांधलेले कुलूप काढून टेबलावर ठेवले आणि दुरुस्तीसाठी बंद केलेले यंत्र दुसऱ्या पाळीच्या माणसाने चालू केले तो प्रसंग सांगितला. कारखान्यात ज्याला सर्रास “लोटो” (लॉकआउट-टॅगआउट) म्हणतात, म्हणजे काम करणाऱ्याने वीजपुरवठा स्वतः तोडून त्यावर स्वतःचे कुलूप व इशाऱ्याची चिठ्ठी लावायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, ती पद्धत कारखाना कधी न पाहिलेल्या श्रोत्यांनाही दहा मिनिटांत समजली. वर्गात सर्वांनी दाद दिली, असे आपणही लिहिले आहे. मग त्यावरच बोला, हा सल्ला आपल्याला छाटणी का वाटला, याचा मी विचार केला. ३१ वर्षांच्या अनुभवातून एकच कुलूप उचलायला सांगणे म्हणजे बाकीचे सारे निरुपयोगी म्हणणे, असा त्याचा अर्थ आपण घेतला असावा. आमच्या सांगण्याची रीत कदाचित कोरडी असेल. सल्ला बदलण्याचे मात्र कारण मला दिसत नाही.

कीर्तनाच्या भाषेत बोलायचे तर आपले पहिले भाषण नुसता पूर्वरंग होता. पूर्वरंगात निरूपण असते, पण लोक मांडी घालून बसून राहतात ते उत्तररंगातल्या आख्यानासाठी, आणि त्या आख्यानामुळेच निरूपण लक्षात राहते. मानधन देणारा तर आणखी पुढचा प्रश्न विचारतो: भाषण संपल्यावर माझे कामगार काय वेगळे करतील? “सुरक्षेविषयी जागरूक होतील” या उत्तरावर कोणी खर्च मंजूर करत नाही. “देखभाल विभागातील ४० कंत्राटी कामगार दुरुस्तीपूर्वी स्वतःचे कुलूप लावायला शिकतील, दीड तासात, मराठीतून आणि हिंदीतून, त्यांतल्या प्रत्येकाकडून एकदा करून घेऊन” असे लिहिलेला एक कागद दिला, की समोरच्या अधिकाऱ्याला तो वरिष्ठांपुढे ठेवता येतो. ३१ वर्षे वाया जात नाहीत; ती प्रश्नोत्तरांत उपयोगी पडतात. पाळीचा जुनाजाणता फोरमन जेव्हा “साहेब, उत्पादन थांबवून कुलूप कोण लावणार?” असे विचारतो, तेव्हा पुस्तकी वक्ता गडबडतो आणि आपण गडबडणार नाही.

संपर्कांची यादी आम्ही देत नाही आणि पुढेही देणार नाही. ज्या अधिकाऱ्यांनी स्वतःचे क्रमांक माझ्यापाशी विश्वासाने दिले, ते फी भरणाऱ्या प्रत्येक तुकडीला वाटणे योग्य नाही, आणि अनोळखी माणसाच्या फोनवर कोणी वक्ता ठरवतही नाही. ओळख द्यायची तर ती भाषण तयार झाल्यावर, त्या व्यक्तीला आधी विचारून, एकेकाची द्यावी लागते. असेही कोणी सांगेल की केवळ धीट बोलण्याचा सराव हवा असेल तर आमच्यासारख्या वर्गाची गरजच नाही, आणि ते खरे आहे. १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या टोस्टमास्टर्सचे क्लब पुण्यातही आहेत, तेथे आमच्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात नियमित सराव आणि स्पष्ट अभिप्राय मिळतो. आमची फी विषय, श्रोता आणि दर यांची सांगड घालून देण्यासाठी आहे.

त्या तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे दराच्या आणि व्यवहाराच्या भागात, आम्ही कमी पडलो. आपण हे लिहिलेले नाही, पण अभिप्राय वाचताना मला ते जाणवले. आयोजकांना आपण “जे योग्य वाटेल ते द्या” असे सांगितल्याचा उल्लेख आहे. हे वाक्य सौजन्याचे आहे, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा “काहीच नाही” असा घेतला जातो. आकडा आपण आधी, लेखी, आणि प्रवासखर्च वेगळा दाखवून सांगावा. कंपनीचा होकार आल्यावर पुरवठादार म्हणून नोंदणी, पॅन, रद्द केलेला धनादेश, परचेस ऑर्डर (कंपनीचा लेखी खरेदी-आदेश) आणि बिल या पायऱ्या येतात. परचेस ऑर्डर हाती आल्याखेरीज तारीख पक्की धरू नये. एका कंपनीकडून आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक फी झाली, तर साधारणपणे १० टक्के कर कापून रक्कम येते, तेव्हा कमी पैसे आले म्हणून घाबरू नये, विवरणपत्रात त्याचा हिशेब होतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र विनामूल्य आहे आणि ती आधीच करून ठेवावी, कारण नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. हे सर्व आम्ही अर्ध्या तासात उरकले होते. पुढच्या तुकडीपासून त्याला पूर्ण सत्र राहील, आणि आधी शिकून गेलेल्यांना त्या सत्रास विनाशुल्क बसता येईल.

आणखी एक सुचवते. विनामोबदला बोलणे अगदीच टाळू नये. पहिली दोन-तीन व्याख्याने तशी द्यावीत, पण त्या बदल्यात काही मागून घ्यावे: पाच मिनिटांची चांगली चित्रफीत, आयोजकांचे पत्र, आणि सभागृहात बसलेल्या एखाद्या कारखानदाराशी ओळख. ज्या मंडळाने आपल्याला शाल दिली, तेथील भाषणाचे चित्रण कोणी केले असल्यास ते अवश्य मिळवावे.

आपल्या २,००० रुपयांसाठी कार्यालयातून फोन येईल. बँकेचा तपशील येथे लिहू नये. रद्द झालेल्या सत्राऐवजी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता चिंचवडच्या वर्गात मी स्वतः आपले भाषण ऐकेन, पैसे परत घेतले तरीही. चित्रीकरणाची व्यवस्था आम्ही करू. येताना कुलूप आणि लाल चिठ्ठी आणावी, सरकचित्रे आणू नयेत. आपला अभिप्राय आणि त्याचे दोन तारे बदलावेत अशी विनंती मी करत नाही.

आपली नम्र,
संचालिका