प्रमाणपत्र, पिवळेपणा, यूव्ही टॉर्च : बेब रूथची सही याने सिद्ध होत नाही

अमेरिकेचा विख्यात बेसबॉलपटू बेब रूथ याची सही असलेला बेसबॉल घेताना तीनच गोष्टी बघा, असा सल्ला संग्राहकांमध्ये सर्रास फिरतो: सोबत प्रमाणपत्र असावं, चेंडू पिवळा पडलेला असावा आणि यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) टॉर्चखाली तो चमकू नये. या सल्ल्यावर विसंबून लोक मोठ्या रकमा मोजतात, म्हणून हे सविस्तर.

प्रमाणपत्र. ते कुणीही छापू शकतो. अमेरिकी तपाससंस्था एफबीआयच्या खोट्या सह्यांविरुद्धच्या 'ऑपरेशन बुलपेन' मोहिमेत पकडलेल्या टोळीकडे खोट्या सह्यांबरोबर खोटी प्रमाणपत्रंही होती. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचा होलोग्राम (चकाकणारं सुरक्षा-स्टिकर) भक्कम, कारण त्यामागे सही होताना बघणारा प्रत्यक्ष साक्षीदार असतो. पण ती योजना 2001 ची आणि रूथ 1948 मध्ये गेला. त्याच्या सहीवरचा आजचा कुठलाही कागद म्हणजे तज्ज्ञाचं मत. मत कुणाचं, हे विचारायलाच हवं.

पिवळा चेंडू. खोट्या सहीचा जुना मार्ग हाच: खरा जुना कोरा चेंडू मिळवायचा आणि त्यावर आज सही करायची. काही जुन्या चेंडूंवर लाखेचा थर दिलेला असतो, त्याला बारीक तडे जातात. दहापट भिंगाखाली शाईची कड बघा. शाई तड्यांत शिरून पसरली असेल, तर तडे आधी गेलेत आणि सही नंतर झालीय. तडा शाईची रेघ स्वच्छ तोडत असेल, तर सही तड्यांच्या आधीची.

यूव्ही टॉर्च. धाग्यात आणि कागदात चमक आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे धागा चमकला तर संशय घ्यावा. पण डिटर्जंटने पुसलेला अस्सल चेंडूही चमकू शकतो. आणि न चमकणं चेंडूबद्दल बोलतं, सहीबद्दल काहीच नाही.

त्यापेक्षा शिक्का आधी वाचा. रूथच्या काळात अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) चेंडूवर लीगच्या अध्यक्षाची छापील सही असायची. विल्यम हॅरिज 1931 ते 1959, नंतर जो क्रोनिन. क्रोनिनच्या चेंडूवर रूथची सही असेल तर विषय तिथेच संपला. हॅरिजचा चेंडू मात्र 1955 चाही असू शकतो, म्हणून त्यावर थांबू नका. मग शाई: अमेरिकेत बॉलपेन ऑक्टोबर 1945 मध्ये विक्रीला आलं. त्यामुळे 1941 मध्ये वारलेल्या, रूथचा संघसहकारी लू गेहरिगची बॉलपेनची सही खोटीच.

सगळ्यात अवघड प्रकार वेगळाच आहे. संघाच्या चेंडूंवर बड्या खेळाडूंच्या सह्या बॅटबॉय (खेळाडूंच्या बॅट सांभाळणारी मुलं) किंवा क्लबहाउसचे (संघाच्या खोल्यांचे) कर्मचारी करून देत. चेंडू त्या काळचा, शाई त्या काळची, टॉर्चही पास, फक्त हात दुसऱ्याचा. इथे एकच उपाय: त्याच वर्षांतल्या करारांवरच्या किंवा चेकवरच्या सह्या शेजारी ठेवून अक्षरांचा वेग, पेन उचलल्याच्या जागा आणि दाब तपासायचा. सावकाश, थरथरत काढलेली रेघ दिसली तर व्यवहार थांबवा, विक्रेता कितीही घाई करो.